प्रवेशाच्या दारात ताटकळण्याचे दोन प्रकार

अमेरिकेतील नामांकित महाविद्यालये पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचे निर्णय मुख्यतः दोन वेळा कळवितात. एकदा डिसेंबरच्या मध्यास आणि पुन्हा मार्चच्या अखेरीस. दोन्ही वेळा होकार व नकार यांखेरीज एक तिसरे उत्तर संभवते. डिसेंबरातील या तिसऱ्या उत्तराला ‘डिफर्ड’ म्हणतात, मार्चमधील उत्तराला ‘वेटलिस्टेड’. दोन्ही पत्रे सौजन्यपूर्ण असतात, दोहोंत विद्यार्थ्याच्या गुणांची वाखाणणी असते, आणि दोन्ही वाचून घरोघर एकच अर्थ काढला जातो, की दार अजून लागलेले नाही, थांबावे. दार लागलेले नाही हे खरे. परंतु दोन्ही ठिकाणी ते एकाच कारणासाठी किलकिले ठेवलेले नसते. कारण निराळे असल्यामुळे थांबणाऱ्याने काय करावयाचे तेही निराळे ठरते.

हा प्रश्न आता केवळ अमेरिकनांचा राहिलेला नाही. आपल्याकडून अमेरिकेस जाणारा विद्यार्थी पूर्वी बहुधा पदवी घेऊन, पुढील शिक्षणासाठी जात असे. अजूनही बहुसंख्य तसेच जातात. तथापि ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये तेथे असलेल्या ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ३६,०५३ विद्यार्थी पदवीच्या वर्गांत शिकत होते. बारावीच्या वर्षातच मुंबई-पुण्याहून तिकडे अर्ज धाडणारी कुटुंबे आता दुर्मिळ नाहीत. न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले तर याच रांगेत उभी असतात. रांगेचे नियम मात्र आपल्या ओळखीचे नाहीत. गुणांची टक्केवारी, कट-ऑफ आणि यादी यांत वाढलेल्या पालकाला एखादी संस्था हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, ही गोष्टच मुळी उमगत नाही.

प्रथम वेळापत्रक पाहिले पाहिजे. अमेरिकेत साधारण नोव्हेंबरच्या प्रारंभी लवकर अर्ज करण्याची सोय असते. तिचे दोन प्रकार आहेत. ‘अर्ली डिसिजन’ या प्रकारात विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्यांनिशी लिहून द्यावे लागते की, प्रवेश मिळाला तर विद्यार्थी याच महाविद्यालयात जाईल आणि इतर सर्व अर्ज मागे घेईल. ‘अर्ली अ‍ॅक्शन’ या प्रकारात असे बंधन नसते. या लवकर आलेल्या अर्जांवरील निर्णय डिसेंबरात लागतो. ज्यांचा निर्णय त्या वेळी लागत नाही, त्यांचे अर्ज जानेवारीच्या सर्वसाधारण अर्जांच्या गठ्ठ्यात पुन्हा ठेवले जातात. याचेच नाव ‘डिफर’ होणे. सर्वसाधारण गठ्ठ्याचा निकाल मार्चअखेर लागतो. ज्यांना जागा दिलेली नाही, परंतु जागा उरल्यास विचार करू असे सांगितले आहे, ते तेव्हा प्रतीक्षायादीत जातात. होकार मिळालेल्यांनी आपली पसंती कळवून अनामत भरण्याची रूढ तारीख १ मे ही होय. प्रतीक्षायादी हलते ती बहुधा त्यानंतर.

निर्णय कशाविषयी राहिला?

या वेळापत्रकातच दोहोंमधील मूलभूत फरक दडलेला आहे. डिफर झालेल्या विद्यार्थ्याविषयी महाविद्यालयाचे मत बनलेले नसते. प्रतीक्षायादीतील विद्यार्थ्याविषयी ते बनलेले असते. बनलेले नसते ते स्वतःच्या जागांविषयीचे मत. पहिल्या स्थितीत अपुरी असलेली माहिती विद्यार्थ्याच्या हाती आहे, दुसऱ्या स्थितीत ती शेकडो अन्य विद्यार्थ्यांच्या हाती आहे. ते येतात की नाही, यावर सारे अवलंबून.

म्हणूनच डिफर झालेल्याने काही करण्यात अर्थ असतो. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण नोव्हेंबरात उपलब्ध नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत ते शाळेकडून जातात, आणि अनेकदा महाविद्यालय त्यांचीच वाट पाहत असते. याशिवाय एक संक्षिप्त पत्र धाडण्याची प्रथा आहे. त्यात या महाविद्यालयाविषयीची आस्था कायम असल्याचे सांगून मधल्या काळात नवे जे घडले ते नमूद करावयाचे असते. पत्र एकच पुरे. दर आठवड्याला नवे पत्र आणि ओळखीच्या मोठ्या माणसांची शिफारस यांचा उपयोग तेथे होत नाही, उपद्रव मात्र होतो. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, अर्ली डिसिजनचा अर्ज डिफर झाला की लिहून दिलेले बंधनही संपुष्टात येते. विद्यार्थी मोकळा होतो. त्याने जानेवारीत अन्यत्र अर्ज करावेत, किंबहुना केलेच पाहिजेत. काही महाविद्यालये जानेवारीत बंधनकारक अर्जाची दुसरी फेरी घेतात. तिचा आश्रय घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की तेथे होकार आला तर डिफर झालेला पहिला अर्ज त्याला मागे घ्यावा लागतो.

अर्थात प्रत्येक ‘डिफर्ड’मागे प्रामाणिक संशयच असतो असेही नाही. जॉर्जटाऊन विद्यापीठाची वर्षानुवर्षांची रीत अशी, की लवकर अर्ज केलेल्या कोणालाही डिसेंबरात नकार द्यावयाचा नाही. ज्यांना होकार नाही ते सगळे पुढे ढकलले जातात. अशा ठिकाणी त्या शब्दाला प्रोत्साहनाचा अर्थ जवळजवळ उरत नाही. याउलट ज्या संस्था डिसेंबरातच बहुतेकांना स्पष्ट नकार देतात, तेथे पुढे ढकलले जाणे ही खरोखर काहीएक पावती असते. शब्द तोच, मोल निराळे. कोणत्या संस्थेत तो किती उदारपणे वापरला जातो हे ठाऊक नसेल, तर पत्रातील गोड वाक्यांवरून काहीच कळत नाही. शिवाय माजी विद्यार्थ्यांची मुले, ज्या शाळांशी संबंध राखावयाचे त्या शाळांचे विद्यार्थी अशांना एकदम नकार देणे अवघड वाटते म्हणूनही हा शब्द उपयोगी पडतो. मुरब्बी कारकून जसा नकोशा अर्जावर ‘विचाराधीन’ असा शेरा मारतो, त्यातलाच हा प्रकार.

यादी आहे, पण क्रमांक नाही

प्रतीक्षायादी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रेल्वेचे आरक्षण येते. तेथे तिकिटावर क्रमांक असतो. कोणी तिकीट रद्द केले की मागचे प्रवासी एकेक पायरी वर सरकतात, आणि आपण कितव्या स्थानावर आहोत हे कोणासही पाहता येते. तक्ता तयार होईपर्यंत जागा मिळाली नाही, तर संगणकावर काढलेले तिकीट आपोआप रद्द होऊन किरकोळ आकार वजा जाता पैसे परत येतात. अमेरिकन महाविद्यालयाच्या यादीला हे काहीच लागू नाही. बहुतेक ठिकाणी तिला क्रमच नसतो. जागा रिकामी झाली म्हणजे यादीतला ‘पुढचा’ विद्यार्थी उचलला जात नाही. त्या क्षणी वर्गात काय उणे आहे ते पाहून त्याजोगा विद्यार्थी शोधला जातो. अभियांत्रिकीची मुले कमी पडली असतील, वाद्यवृंदात एखादे वाद्य वाजविणारा कोणी नसेल, किंवा पूर्ण शुल्क देऊ शकणारे काही हवे असतील. यादी ही रांग नसून गोदाम आहे, असे म्हटल्यास वस्तुस्थितीचा विपर्यास होणार नाही.

हे गोदाम का लागते, हे समजून घेण्यास थोडे गणित पुरे. समजा एका महाविद्यालयात १,००० जागा आहेत आणि होकार मिळालेल्यांपैकी शेकडा ४० विद्यार्थी प्रत्यक्ष येतात असा अनुभव आहे. ते २,५०० जणांना होकार देईल. परंतु त्या वर्षी शेकडा ४४ आले, तर १०० विद्यार्थ्यांना वसतिगृहात खाट नाही. शेकडा ३६ आले, तर १०० जागांचे शुल्क बुडाले. तेव्हा शहाणपण असे की, होकार थोडे कमीच द्यावेत आणि उरलेला खड्डा मे महिन्यात यादीतून भरून काढावा. येणाऱ्यांच्या या प्रमाणाला तेथे ‘यील्ड’ म्हणतात, आणि प्रवेश कार्यालयांची झोप त्यावर अवलंबून असते. एका नियतकालिकाच्या क्रमवारीत हे प्रमाण पूर्वी मोजले जात असे, ‘यू.एस. न्यूज’ने ते २००३ मध्ये वगळले, तरी प्रतिष्ठेचे माप म्हणून त्याची मोहिनी उतरलेली नाही.

१९७५ मध्ये १५ महाविद्यालयांनी मिळून ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ हा एकच अर्जाचा नमुना सुरू केला. आज तो हजारांहून अधिक संस्था स्वीकारतात, आणि एका विद्यार्थ्याला त्यातून २० ठिकाणी अर्ज करता येतो. सोय मोठीच झाली. पण ज्याने २० ठिकाणी अर्ज केला आहे तो नक्की कोठे जाणार, हे ओळखणे प्रत्येक महाविद्यालयाला पूर्वीपेक्षा अवघड झाले. अनिश्चितता वाढली की संस्था दोन उपाय योजते. बंधनकारक अर्जांतून वर्गाचा मोठा भाग डिसेंबरातच निश्चित करून टाकते, आणि दुसरीकडे यादी लांबविते. ख्रिस्तोफर अ‍ॅव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स व रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द अर्ली अ‍ॅडमिशन्स गेम’ या ग्रंथात लवकर अर्ज करण्याचा लाभ एस.ए.टी. परीक्षेतील सुमारे १०० अधिक गुणांच्या तोडीचा असल्याचे दाखवून दिले. ज्याला आर्थिक साह्याची निरनिराळी पत्रके शेजारी ठेवून तुलना केल्याविना निर्णय घेता येत नाही, तो बंधनकारक अर्ज कसा करणार? त्याच्या वाट्याला मार्च येतो, आणि मार्चबरोबर यादी.

जोखीम कोणाच्या माथी?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे बाजारातील ‘ऑप्शन’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ठरलेल्या अटींवर पुढे खरेदी करण्याचा हक्क, परंतु बंधन नाही, असा तो करार असतो. या हक्कासाठी खरेदीदाराला प्रीमियम मोजावा लागतो. प्रतीक्षायादी हा असाच हक्क आहे, आणि तो महाविद्यालयाकडे असतो. गंमत अशी की येथे हक्क महाविद्यालयाचा आणि प्रीमियम विद्यार्थ्याचा. यादीत राहावयाचे तर त्याने १ मेपूर्वी दुसरीकडे जागा पक्की करून काही शे डॉलरांची अनामत भरलीच पाहिजे, कारण यादीच्या भरवशावर हातची जागा सोडणे हा निव्वळ अविचार ठरेल. मे-जूनमध्ये यादीतून बोलावणे आले तर ती अनामत बहुधा बुडते. पहिल्या महाविद्यालयात त्यामुळे एक जागा रिकामी होते, ते आपल्या यादीला हात घालते, आणि ही साखळी खाली खाली सरकत जाते. संस्थेला यादी लांब ठेवण्यास काहीच मोजावे लागत नाही. आणि ज्या वस्तूला किंमत नाही तिचा वापर गरजेपेक्षा अधिक होणारच.

आकडे याची साक्ष देतात. अमेरिकेतील प्रवेश समुपदेशकांच्या ‘नॅकॅक’ या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीत २०१८ च्या प्रवेशांसाठी शेकडा ४३ महाविद्यालयांनी प्रतीक्षायादी ठेवल्याचे आढळले. यादीत राहणे ज्यांनी पत्करले त्यांपैकी सरासरीने शेकडा २० जणांना अखेर प्रवेश मिळाला. अत्यंत चोखंदळ महाविद्यालयांत हे प्रमाण शेकडा ७ वर आले. सरासरीही फसवी असते. त्याच महाविद्यालयात एका वर्षी शंभरावर विद्यार्थी घेतले जातात आणि पुढल्या वर्षी एकही नाही. ‘कॉमन डेटा सेट’ नावाच्या पत्रकात किती जणांना यादीत जागा देऊ केली, किती जणांनी ती पत्करली व कितींना प्रवेश मिळाला हे तीन आकडे छापण्याची सोय आहे. पुष्कळ संस्था ते छापतात, काही रकाना कोरा सोडतात. ज्या पत्रात मुलाला वाट पाहण्यास सांगावयाचे, त्याच पत्रात मागील पाच वर्षांचे हे तीन आकडे देण्याची सक्ती का असू नये? औषधाच्या बाटलीवर घटक छापावे लागतात. हे त्याहून फार अधिक मागणे नव्हे.

हार्वर्डच्या यादीची एक कथा तर न्यायालयातच बाहेर आली. २०१८ मध्ये बॉस्टन येथे चाललेल्या खटल्यात ‘झेड यादी’ नावाच्या एका प्रथेचा तपशील उजेडात आला. या मार्गाने दरवर्षी साधारण ५० ते ६० विद्यार्थ्यांना, एक वर्ष थांबून येण्याच्या अटीवर, प्रवेश दिला जात असे, आणि त्यांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्रमाण लक्षणीय होते. क्रमांक नसलेल्या यादीत कोणाचा हात कोठे पोहोचतो, हे एरवी बाहेर कळण्याचा संभव नव्हता.

या व्यवस्थेवर उपाय सुचलेला नाही असे नाही. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याच्या आरंभीच त्यांनी नेमका हाच पेच मांडला आहे. एका ठिकाणी होकार व अधिक आवडत्या ठिकाणी प्रतीक्षायादी असेल, तर विद्यार्थ्याने काय करावे, आणि हातची जागा घेऊन ती मागाहून सोडणे नीतीला धरून आहे काय? त्यांनी सुचविलेल्या पद्धतीत विद्यार्थी आपला पसंतिक्रम देतात. महाविद्यालय आपल्या जागांइतक्याच विद्यार्थ्यांना तात्पुरते यादीत ठेवते, बाकीच्यांना नकार देते, नाकारलेले विद्यार्थी पुढील पसंतीकडे वळतात, आणि सर्व हालचाल थांबली की यादीतील प्रत्येकाचा प्रवेश पक्का होतो. या पद्धतीचे नावच ‘डिफर्ड अ‍ॅक्सेप्टन्स’, म्हणजे लांबणीवर टाकलेला स्वीकार. ‘डिफर’ आणि ‘यादी’ हे दोन्ही शब्द येथे आहेत, परंतु लांबणीवर टाकण्याचा लाभ विद्यार्थ्याला मिळतो. शॅप्ली व आल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विचारपरंपरेसाठी.

न्यूयॉर्कच्या सरकारी माध्यमिक शाळांनी २००३ पासून ही कल्पना स्वीकारली. भारतात २०१५ पासून आय.आय.टी. व एन.आय.टी. यांचे एकत्रित जागावाटप त्याच धर्तीवर होते. तेथील ‘फ्लोट’ या पर्यायाचा अर्थ असा, की हाती असलेली जागा न सोडता वरच्या पसंतीची वाट पाहावी. वरची मिळाली तर खालची आपसूक दुसऱ्यास जाते. वाट पाहण्याची शिक्षा येथे कोणाला होत नाही. आपल्या प्रवेशपद्धतीत दोषांची वाण नाही, पण या एका बाबतीत अमेरिकेने आपल्याकडून काही घ्यावे अशी स्थिती आहे.

परंतु हे तुलनेचे गाडे फार पुढे नेता येत नाही. आपली केंद्रीय पद्धत एका परीक्षेच्या गुणांपलीकडे काही पाहत नाही, म्हणून ती सुटसुटीत आहे. अमेरिकन महाविद्यालय निबंध वाचते, शिक्षकांची पत्रे वाचते, खेळ-संगीत पाहते, आणि वर्ग कसा घडवावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य सोडावयास तयार नसते. मुलाकडे गुणपत्रिकेच्या पलीकडे पाहणाऱ्या व्यवस्थेत संदिग्धता येणारच, आणि ती थोडीफार सोसणे रास्तही आहे. शिवाय महाविद्यालयांनी आपसांत काही ठरविले की तेथील सरकार मक्तेदारीविरोधी कायदा पुढे करते. आर्थिक साह्याचे आकडे आपसांत जुळविल्याबद्दल आयव्ही लीग व एम.आय.टी. यांच्यावर १९९१ मध्ये खटला झाला. १ मेनंतर दुसऱ्याचा विद्यार्थी फोडू नये हा ‘नॅकॅक’चा जुना नियमही सरकारी चौकशीच्या दडपणाखाली सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द झाला, आणि डिसेंबरात त्यावर तडजोडीचा दावा दाखल झाला. स्पर्धा वाढली हे खरे. विद्यार्थ्याच्या हाती अनामतीनंतरही चार आमिषे येऊ लागली हेही खरे. पण १ मे या तारखेने जी थोडीफार निश्चिती येत असे, ती त्यामुळे सैल झाली.

भारतातून अर्ज करणाऱ्याला यादीची किंमत अधिक पडते. अनेक महाविद्यालये यादीतून परदेशी विद्यार्थी घेताना त्याला साह्य लागेल काय हे पाहतात, आणि तोवर साह्याचा निधी बहुतांशी वाटून झालेला असतो. बोलावणे आलेच तर उत्तरास काही दिवसांचीच मुदत मिळते. नव्या महाविद्यालयाकडून ‘आय-ट्वेंटी’ हा दाखला नव्याने मागवावा लागतो, त्यासाठी निधीची कागदपत्रे पुन्हा दाखवावी लागतात, आणि बँकेने कर्ज मंजूर केले असेल ते दुसऱ्याच प्रवेशपत्रावर असते. म्हणून यादीत राहावयाचे की नाही याचा निर्णय एप्रिलमध्येच, साह्याविना खर्च झेपतो काय हे पाहून, घेतलेला बरा. झेपत नसेल तर नाव मागे घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक गोंधळ टाळावा. ‘डिफर’ हा शब्द तिसऱ्या अर्थानेही वापरतात. प्रवेश मिळालेला विद्यार्थी एक वर्षाने येण्याची परवानगी मागतो, त्यालाही ‘डिफर करणे’ म्हणतात. २०२० मध्ये महामारीमुळे हार्वर्डच्या नव्या वर्गातील सुमारे एकपंचमांश विद्यार्थ्यांनी असे केले. तेथे थांबण्याचा निर्णय विद्यार्थ्याचा असतो आणि त्याची जागा राखलेली असते. डिसेंबरच्या पत्रातील ‘डिफर्ड’शी त्याचा काही संबंध नाही.

यादी संपली हे कळण्याचीही एक रीत असावयास हवी. काही महाविद्यालये जूनच्या अखेरीस यादी बंद झाल्याचे पत्र धाडतात. काही ते धाडीत नाहीत. ऑगस्टमध्ये तेथे वर्ग सुरू झाले म्हणजे उत्तर मिळाले, असे विद्यार्थ्याने समजावयाचे असते.